बलू आणि त्याचा भाईजान

मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने २०१६ मध्ये 'बलू' नावाचा फॉन्ट आणला. गुबगुबीत, जाडजूड, कोपरे गोल केलेली अक्षरं. नावही अस्वलाचं, 'जंगल बुक' आठवून देणारं. प्रत्येक लिपीतल्या भावंडाला त्यांनी त्या त्या घरातली हाक दिली. गुजरातीत 'बलू भाई', बंगालीत 'बलू दा', गुरुमुखीत 'बलू पाजी', तमिळमध्ये 'बलू तंबी' आणि उर्दूत 'बलू भाईजान'.

या अक्षरांची जागा ठरलेली आहे. बालवाडीची भिंत, गोळेवाल्याची गाडी, मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, स्नेहसंमेलनाचा फलक. चार शब्द मोठ्याने, हसत सांगायचे असतील तिथे बलू शोभतो. सलग मजकुराला तो चालत नाही. जाडीमुळे बारीक आकारात 'द्ध', 'क्ष्म' अशी जोडाक्षरं बुजतात. पुढे आलेल्या 'बलू २' मध्ये पाच जाड्या मिळाल्या, तरी त्याचा जीव मथळ्यातच रमतो.

मला जवळचा वाटतो तो भाईजान. आपल्याकडे उर्दू अक्षर दिसतं ते गझलांच्या पुस्तकावर, लग्नाच्या रुक्क्यावर, नाहीतर टीव्हीवरच्या धमकीच्या बातमीमागे. अदब आणि भीती, या दोहोंच्या मधलं हसरं उर्दू अक्षर मराठी वाचकाच्या नजरेस क्वचितच पडतं. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांच्या वाचनालयाचा फलक छापून आला, तेव्हा मराठी ओळ ठसठशीत होती आणि खाली उर्दू ओळ किरकोळ, कोपऱ्यात. मराठी शाळेत जाणाऱ्या आणि उर्दू शाळेत जाणाऱ्या पोरांसाठी खोली एकच होती, फलकावर मात्र एक यजमान आणि एक पाहुणा.

यात छापणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. नस्तालीक अक्षर तिरकं उतरतं, त्याला उंची लागते. देवनागरी शिरोरेषेला लटकते. दोन्ही शेजारी बसवताना उर्दू लहान करावी लागते. भाईजान सरळ रेषेवर बसतो, त्याची जाडी देवनागरीइतकीच. नस्तालीकवर वाढलेले बुजुर्ग नाक मुरडतील, त्यांचंही खरं आहे. शेर त्यात लिहू नये. फलक मात्र जरूर लिहावा.

अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीसोबत उर्दू असावी की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने ती राहू दिली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असं स्पष्ट सांगितलं. कायद्याने फलकावर जागा दिली. त्या जागेत उर्दू अंग चोरून बसणार की मराठीच्या खांद्याला खांदा लावून, हे मात्र फलक करणाऱ्याच्या हातात आहे.

हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, फुकट उतरवून घेता येतात. मोहल्ल्यात पुढचा फलक करायचा असेल तेव्हा डीटीपीवाल्याला दोन्ही नावं लिहून द्या: बलू आणि बलू भाईजान. आकारही सारखाच ठेवायला सांगा.