हबशांची मायभूमि

जंजिऱ्याचा सिद्दी आणि निजामशाहीचा मलिक अंबर हीं नांवें ज्याच्या कानांवरून गेलीं नाहींत असा मराठी वाचक विरळा. जंजिऱ्याच्या मुलखास तर पूर्वीं 'हबसाण' असेंच म्हणत. परंतु ज्या देशावरून 'हबशी' हें नांव पडलें तो देश कसा आहे, तेथील लोक कसे राहतात, काय खातात, कोणाच्या सत्तेखालीं नांदतात, याची विचारपूस आपण फारशी करीत नाहीं. तो देश म्हणजे पूर्व आफ्रिकेंतील इथिओपिया. जुन्या भूगोलांत त्यासच ॲबिसिनिया म्हणत. मलिक अंबर तेथें १५४८ च्या सुमारास जन्मला, गुलाम म्हणून विकला जाऊन बगदादमार्गें दक्षिणेंत आला, आणि पुढें राज्याचा कर्ता पुरुष होऊन त्यानें १६१० सालीं खडकी शहर वसविलें. तेंच पुढें औरंगाबाद झालें व आतां छत्रपती संभाजीनगर.

विस्तारानें हा देश महाराष्ट्राच्या साडेतीन पटींहून मोठा आहे. लोकसंख्या बारा कोटींच्या वर असून आफ्रिकेंत नायजेरियाखालोखाल त्याचाच क्रम लागतो. मध्यभागीं उंच पठार, त्याला उभी चिरत गेलेली मोठी खचदरी, आणि कडेनें उतरत गेलेलीं रखरखीत मैदानें, अशी त्याची ठेवण. अदीस अबाबा ही राजधानी आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनहि दोन हजार फूट उंच आहे. रास दाशेनचें शिखर सुमारें १४,९०० फुटांवर, तर ईशान्येकडील दनाकिलचा खळगा समुद्रसपाटीहून सुमारें ४०० फूट खालीं! ताना सरोवरांतून निघालेली अबाई नदी, म्हणजेच नीळ नाईल, हें पठार इतकें खोल कापीत जाते कीं, पलीकडच्या कड्यावरील गांव डोळ्यांस दिसावें, पण तेथें पोंचावयास सारी दरी उतरून पुन्हां चढावी लागावी. या डोंगरांनीं परक्यांस सहजासहजीं आंत येऊं दिलें नाहीं. पण घरच्या माणसांसहि त्यांनीं सहजासहजीं एकत्र होऊं दिलें नाहीं. इथिओपियाच्या इतिहासाची किल्ली येथेंच आहे.

उत्तरेकडील अक्सुम येथें प्राचीन काळीं बलाढ्य राज्य होतें. तांबड्या समुद्रावरील अदुलिस बंदरांतून त्याचा व्यापार हिंदुस्थानापर्यंत चाले. चौथ्या शतकांत तेथील एझाना राजानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या काळीं युरोपांतील कित्येक देशांस हा धर्म ठाऊकहि नव्हता. पुढें इस्लामहि या भूमींत रुजला, आणि पूर्वेकडील हरार हें तटबंदीचें शहर त्याचें मोठें केंद्र बनलें. लालिबेला येथील अकरा मंदिरें तर प्रत्येक मराठी प्रवाशानें पाहावीं अशीं आहेत. वेरूळच्या कैलासाप्रमाणेंच तीं दगड रचून बांधलेलीं नसून अखंड खडकांतून कोरून काढलेलीं आहेत. संत जॉर्जचें क्रुसाच्या आकृतीचें मंदिर वरून खालीं खोदीत नेलेलें असून त्याचें छत आजूबाजूच्या जमिनीच्या पातळीवर आहे. छिन्नीनें डोंगर पोखरून देव प्रकट करणारे लोक दोन दूरच्या देशांत निपजले, याचें नवल वाटतें.

या लोकांचे आचार आपणांस वाटतात तितके परके नाहींत. त्यांची अम्हारिक भाषा ज्या लिपींत लिहितात तींत प्रत्येक व्यंजनाचीं स्वरांप्रमाणें सात रूपें होतात. आपल्या बाराखडीची ती धाकटी बहीणच म्हणावी. गीझ ही जुनी भाषा बोलण्यांतून गेली, पण संस्कृताप्रमाणें पूजापाठांत राहिली. त्यांच्या वर्षाचे महिने तेरा : बारा महिने तीस दिवसांचे आणि तेरावा पांच किंवा सहा दिवसांचा. तास सूर्योदयापासून मोजतात. आपलें घड्याळ सकाळचे सात दाखवितें तेव्हां तेथें एक वाजलेला असतो. पंचांग पाहणाऱ्या घरास ही रीत नवी वाटूं नये. सनातनी ख्रिस्ती लोक बुधवारीं, शुक्रवारीं आणि ईस्टरपूर्वींचे पंचावन्न दिवस उपास करतात; त्या दिवसांत मांस, अंडीं, दूध, सर्व वर्ज्य. टेफ नांवाच्या खसखशीएवढ्या धान्याचें पीठ आंबवून मोठाली जाळीदार आंबोळी करतात, तिला इंजेरा म्हणतात; तिच्यावर वाढलेला 'शिरो' पाहून पिठल्याची आठवण व्हावी. सारें घर एकाच ताटांत जेवतें आणि आपल्या हातानें घास करून दुसऱ्याच्या मुखांत घालणें हा मोठा प्रेमादर समजतात. सोंवळ्यांत वाढलेल्यास हें प्रथम चमत्कारिक वाटेल. पण लग्नांत आपणहि वधूवरांकडून परस्परांस घास भरवितोंच कीं! कॉफी तर याच भूमीची देणगी. पाहुण्यासमोर बिया भाजून, कुटून, तीन वेळां पेले भरल्याखेरीज आदरातिथ्य पुरें होत नाहीं.

अशा या देशावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीची दृष्टि गेली. १८८९ च्या तहांतील एका कलमाचा अर्थ अम्हारिक प्रतींत एक व इटालियन प्रतींत दुसरा निघाला; इटालियन प्रतीप्रमाणें इथिओपिया इटलीचा अंकित ठरत होता. सम्राट दुसरा मेनेलिक यानें तो नाकारला. निरनिराळ्या प्रांतांचे, निरनिराळ्या भाषांचे लोक त्याच्या निशाणाखालीं जमले आणि १ मार्च १८९६ रोजीं अडवाच्या डोंगरांत त्यांनीं इटालियन सैन्याचा धुव्वा उडविला. मुसोलिनीनें १९३५ सालीं त्याचा सूड घेतला, विषारी वायूहि वापरला. सम्राट हैले सेलासी यांनीं १९३६ सालीं जिनीव्हास राष्ट्रसंघापुढें दाद मागितली. ती व्यर्थ गेली. १९४१ सालीं इटालियनांची सत्ता उखडली गेली, तेव्हां शेजारच्या एरिट्रियांतील केरेनच्या घनघोर लढाईंत हिंदी पलटणी, त्यांत मराठा पायदळहि, लढले होते.

परका हटला, पण घरचा प्रश्न राहिला. १९७४ सालीं सम्राट पदच्युत झाले. लष्करी राजवट आली. १९८४ च्या दुष्काळानें जग हळहळलें. १९९१ सालीं तीहि राजवट कोसळली. १९९३ मध्यें एरिट्रिया वेगळा झाला आणि देशाचा समुद्रकिनारा गेला. १९९५ च्या राज्यघटनेनें संघराज्य स्थापिलें. कारभार पंतप्रधानाच्या हातीं, अध्यक्षपद मानाचें, कायदेमंडळाचीं सभागृहें दोन. प्रांत मुख्यत्वें भाषा व वंश पाहून आंखले. आज ते बारा आहेत. आपली भाषावार प्रांतरचना येथें आठवेल. परंतु तेथील ३९ वें कलम प्रत्येक समाजास फुटून निघण्याचाहि हक्क देतें. ऐंशींहून अधिक भाषांच्या देशांत हा उपाय कीं अपाय, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

त्या वादाची किंमत मोठी पडली. पंतप्रधान अबी अहमद यांस एरिट्रियाशीं सलोखा केल्याबद्दल २०१९ सालीं नोबेल शांतता पारितोषिक मिळालें. आणि पुढच्याच वर्षीं टिग्राय प्रांतांत यादवी पेटली. नोव्हेंबर २०२२ मध्यें तह होईपर्यंत लक्षावधि लोक बेघर झाले. प्राचीन वैभवाचें अक्सुम आणि विजयाचें अडवा हीं दोनही गांवें त्याच टिग्रायमध्यें आहेत! ज्या डोंगरांत सारे मिळून परक्याशीं लढले, त्याच डोंगरांत भाऊ भावाशीं लढला.

तरीहि निराश होण्याचें कारण नाहीं. अबाई नदीवर २०११ सालीं आरंभलेलें प्रचंड धरण २०२५ मध्यें पुरें झालें. ईजिप्त व सुदान यांचा त्याबद्दलचा आक्षेप कायम आहे, आणि खालच्या शेजाऱ्यांच्या पाण्याचा तो प्रश्न समजुतीनेंच सुटावा लागेल. पण या धरणास शिक्षकांपासून शेतकऱ्यांपर्यंत, अनेक भाषा बोलणाऱ्या सामान्य जनांनीं रोखे घेऊन आपल्या मिळकतीचा वांटा दिला. तट बांधून परक्यास बाहेर ठेवणें या राष्ट्रास फार पूर्वींपासून येतें. आंतल्या दऱ्यांवर पूल बांधणें हें काम आतां त्याच्या पुढें आहे. आणि ज्या भूमीनें आपल्या दक्षिणेस एक मलिक अंबर दिला, तिला तें साधावें, अशीच कोणाहि सहृदय मराठी वाचकाची इच्छा असेल.