खर्ज कुठं गेला?

लग्नाच्या वरातीत तुम्ही कधी स्पीकरच्या गाडीजवळून चाललाय का? गाणं कानाला ऐकू येतं. पण त्यातला एक आवाज कानाआधी छातीला कळतो. धम्... धम्... बरगड्यांच्या आतून कुणी थाप मारतंय असं वाटतं. घरातल्या मांडणीवरची ताटंसुद्धा थरथरतात. हा खालचा, जाडसर आवाज म्हणजे खर्ज. गाणं शिकणारे पहाटे उठून ज्याचा रियाज करतात ना, तोच!

ऑर्केस्ट्रात हा खर्ज सांभाळायचं काम बेस गिटारचं. अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांनी १९५१ साली आपली बेस गिटार बाजारात आणली आणि पुढं हे चार जाड तारांचं वाद्य जगभर पोचलं. आमच्या कवठे येमाईत ते पोचलं माझ्या मामामुळं. आणि त्याचा आवाज बंद पाडला तो माझ्यामुळं! आज तीच गोष्ट सांगणार आहे.

कवठे येमाई हे पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं गाव. येमाई देवीचं देऊळ ही गावाची ओळख. गाण्याचं वेडही गावाला जुनंच. लावण्या आणि वगनाट्यं लिहिणारे लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर याच गावचे. महाराष्ट्र शासनाचा २०१८ सालचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला होता. २०२१ साली ते गेले. तमाशाच्या फडांच्या राहुट्या जिथं लागतात, ते नारायणगावही आमच्यापासून फार लांब नाही. अशा मुलखात पाच-सहा जणांनी मिळून ऑर्केस्ट्रा काढला, तर नवल ते काय!

साल १९९६. मे महिन्याची सुट्टी. मी आठवी पास होऊन मामाकडं आलो होतो. मामाची गिटार भिंतीला टेकवलेली, शेजारी अँप्लिफायर आणि काळ्या रंगाचा लाकडी बॉक्स. बॉक्समध्ये बारा इंची दोन स्पीकर. हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. दुपारी मामा बाजारात गेला आणि मी हात लावला.

आधी हळूच. मग आवाजाचं बटण थोडं पुढं. मग खर्जाचं बटण पूर्ण पुढं. मग दोन्ही बटणं पूर्ण पुढं! सगळ्यांत जाड तार मी अंगठ्यानं दणादण ओढत राहिलो. आवाज खरखरायला लागला, तरी थांबलो नाही. शेवटी जळकट वास आला आणि एक स्पीकर नुसता खर्र-खर्र करायला लागला. मी सगळी बटणं मागं फिरवली, गिटार होती तशी ठेवली आणि आंब्याखाली जाऊन पुस्तक उघडून बसलो.

संध्याकाळी तालमीला बसल्यावर प्रकार उघड झाला. ऑर्केस्ट्रात सामान उचलायला सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा होता. मी त्याला दादा म्हणायचो. सगळ्यांचं बोट त्याच्याकडं गेलं. "टेम्पोतून उतरवताना आपटला असशील." तो म्हणाला, "नाही ओ, आईशप्पथ." पण ऐकतंय कोण? "स्पीकरचे पैसे याच्या पगारातून कापा," असंही एकजण बोलला. मी तिथंच बसलो होतो. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

दोन दिवसांनी एका लग्नाची सुपारी होती. विसारही घेतलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे मामा पुण्याला निघाला. "चल रे, पिशवी धरायला," म्हणून मलाही घेतलं. फाटका स्पीकर पोत्यात घालून माझ्या मांडीवर ठेवला होता. चार-पाच किलोचं ते ओझं शिरूरपर्यंत येता येता मणाचं वाटायला लागलं. शिरूरच्या स्टँडवर गाडी बदलताना मी मान खाली घालून म्हणालो, "मामा, स्पीकर मी फाडला."

मामा ओरडला नाही. चहाचा कप खाली ठेवून एवढंच म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? ज्याला बोल लागला त्याला सांग. सगळ्यांसमोर." आणि वाघोली येईपर्यंत गप्पच बसला. मग खिशातून कागद काढून माझ्या हातात दिला. "फाडलास तू, आता निवडायचाही तूच. यात बसेल तो आणायचा."

कागदावर चार ओळी होत्या. अँप्लिफायर १०० वॉट, ४ ओहमपेक्षा कमी नाही. चांगला स्पीकर ८ ओहम. त्याचा रेझोनन्स ४५ हर्ट्झ. बॉक्सच्या भोकाचं माप. मला तेव्हा यातलं भोकाचं माप तेवढं कळलं!

पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या देवळाजवळ, तपकीर गल्ली आहे. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची ही पुण्याची जुनी बाजारपेठ. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं आमचा स्पीकर मांडीवर घेतला. कागदी कोनवर दोन्ही तळवे ठेवून त्यानं तो अलगद खाली दाबला. खस्स! "ऐकलंस? कॉइल घासतीय," तो मला म्हणाला. मग वास घेतला. "आणि जळलीय पण."

स्पीकर चालतो कसा ते आता बघू. कोनच्या मागं तांब्याच्या तारेची कॉइल असते आणि ती चुंबकाच्या फटीत तरंगती असते. गिटारचा विजेचा संदेश तारेतून गेला, की कॉइल पुढं-मागं हलते. तिच्याबरोबर कोन हलतो, आणि कोन हवा ढकलतो. अमेरिकेतल्या राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ साली असा स्पीकर जगापुढं मांडला. आजही बहुतेक स्पीकर याच तत्त्वावर चालतात. बेस गिटारची सगळ्यांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. एवढ्या सावकाश थरथरीचा आवाज मोठा हवा, तर कोनला खूप लांब पुढं-मागं जावं लागतं. मी दोन्ही बटणं पूर्ण फिरवली, तेव्हा कोन आपली हद्द सोडून पळाला आणि कॉइल तापून जळाली.

"नवी कॉइल आणि कोन बसवून देतो, पण दोन दिवस लागतील," कारागीर म्हणाला. आमची सुपारी तर उद्यावर! तो स्पीकर त्याच्याकडं दुरुस्तीला टाकून आम्ही नवा बघायला निघालो. मामाच्या खिशात एकाच स्पीकरपुरते पैसे होते.

एका दुकानदारानं बारा इंची तीन स्पीकर पुढ्यात मांडले. पहिला २०० वॉटचा. चुंबक हे एवढं मोठं! मी लगेच म्हणालो, "हाच." मामानं नुसतं कागदाकडं बोट दाखवलं. स्पीकरवर लिहिलं होतं ४ ओहम.

आता जरा पाटी-पेन्सिल घ्या. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. आमच्या बॉक्समध्ये दोन स्पीकर समांतर जोडलेले होते. ८ आणि ८ समांतर जोडले तर अडथळा होतो ४. अँप्लिफायरला तेवढा चालतो. पण ८ च्या जोडीला ४ चा बसवला तर? एक भागिले आठ अधिक एक भागिले चार, म्हणजे तीन भागिले आठ. ते उलटं केलं की आठ भागिले तीन, म्हणजे साधारण २.७ ओहम. अडथळा कमी झाला, की वीज जास्त ओढली जाते. स्पीकर वाचला असता, पण अँप्लिफायर तापून बसला असता! आणि सगळे वॉट मिळाले, तरी आवाज दुप्पट होत नाही, बरं का. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला तो जेमतेम जाणवतो.

दुसरा स्पीकर १५० वॉट, ८ ओहम. "हा बरोबर आहे!" मी म्हणालो. मामा म्हणाला, "पुढची ओळ वाच." बरोबरच्या छापील कागदावर रेझोनन्स होता ८५ हर्ट्झ. प्रत्येक स्पीकरचा कोन एका ठराविक वेगानं आपोआप झुलू पाहतो, जसा झोपाळा झुलतो. तो आकडा म्हणजे रेझोनन्स. त्याच्या बराच खाली गेलं, की स्पीकरचा दम तुटत जातो. ८५ वाला गाणाऱ्याच्या आवाजाला छान होता. आमची जाड तार ४१ ची, तिला तो कसा पुरणार?

तिसरा दिसायला साधा. १०० वॉट, ८ ओहम, रेझोनन्स ४८. चुंबक मधलंच. माझं तोंड उतरलं. मामानं हिशेब मांडला, "अँप्लिफायर शंभरचा. दोन स्पीकरांत वाटला, की एकेकाला पन्नास. मग शंभरचा पुरत नाही का? बटणं कुणी शेवटपर्यंत फिरवली नाहीत म्हणजे झालं." मी पोत्याची घडी घालत बसलो.

आणि बॉक्सचं काय? नवरात्रात महालक्ष्मीपुढं घागरी फुंकतात, ते तुम्ही पाहिलं असेल. घागर मोठी की आवाज खालचा, लहान की वरचा. तोंड केवढं आहे, त्यावरही आवाज बदलतो. स्पीकरच्या बॉक्सला पुढं गोल भोक असतं ना, तो बॉक्स म्हणजे लाकडाची घागरच! बॉक्स केवढा, भोक केवढं आणि स्पीकर कसला, या तिघांचं जमलं तरच खर्ज नीट घुमतो. हे जमवायचं गणित ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ साली मांडलं आणि पुढं रिचर्ड स्मॉल यांनी ते वाढवलं. मामाला ही नावं ठाऊक नव्हती. पण जुन्याच्या जवळ जाणारा स्पीकर जुन्या बॉक्समध्ये रमेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

रात्री घरी आलो. सगळे जमले होते. दादा कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसला होता. नवा स्पीकर बसला, तारा जोडल्या, मामानं गिटार छेडली आणि सगळे एकमेकांकडं बघायला लागले. खरखर गेली होती, पण खर्जही गेला होता! आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. एकजण म्हणाला, "फसवलं तुम्हाला पुण्यात."

मामानं अँप्लिफायर बंद करून त्याच्या तारा सोडवल्या. मग टॉर्चमधला दीड व्होल्टचा सेल काढून माझ्याकडं दिला. "लाव." मी बॉक्सच्या तारांना सेल क्षणभर टेकवला. टप्! जुन्या स्पीकरचा कोन बाहेर आला आणि नव्याचा आत गेला. म्हणजे नव्याच्या दोन तारा उलट्या जोडल्या होत्या. एक स्पीकर हवा पुढं ढकलत होता, तेव्हा दुसरा ती मागं ओढत होता. दोघांचं भांडण आणि खर्ज गायब!

"तारा कुणी जोडल्या?" कुणीतरी विचारलं. पुन्हा सगळ्यांची नजर दादाकडं गेली.

"मी," मी म्हणालो. खरंच मीच जोडल्या होत्या. आणि तोंड उघडलंच होतं, तर पुढचंही सांगून टाकलं. "आणि स्पीकर पण मीच फाडला. काल दुपारी. दादानं नाही."

कुणीच काही बोललं नाही. दादा उठला, माझ्या हातातला सेल घेऊन त्यानं बाजूला ठेवला आणि तारा सुलट्या केल्या. मग एवढंच म्हणाला, "कालच बोलला असतास तर मी रात्री झोपलो असतो." मला मार बसला असता, तरी त्याचं काही वाटलं नसतं. हे मात्र लागलं.

मामानं पुन्हा जाड तार छेडली. धम्! फडताळातली ताटं थरथरली.

दुसऱ्या दिवशी लग्नात सामान उतरवायला मी दादाबरोबर होतो. बॉक्सची एक कडी त्यानं धरली, दुसरी मी.

तुम्हालाही हा प्रयोग करता येईल. जुना, सुटा स्पीकर असेल तर त्याला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून बघा. लाल ठिपक्याला सेलचा अधिक टोक लावलं, की कोन सहसा बाहेर येतो. मात्र विजेला जोडलेली कुठलीही वस्तू मोठ्या माणसाशिवाय उघडायची नाही, बरं का!

आजही कुणी ओळखीचं स्पीकर घ्यायला निघालं, की मी आधी विचारतो, "जोडीचा स्पीकर किती ओहमचा आहे? बॉक्स केवढा आहे? अँप्लिफायरला काय चालतं?" वॉट किती, हे सगळ्यांत शेवटी. आणि हो, जुना कुणी फाडला, हेही विचारून घेतो!