कृष्णेचे पाणी आणि पुण्याचा महासंगणक

मुलांनो, जुलै महिन्यात कधी वाईहून महाबळेश्वरला एस.टी.ने गेला आहात का? नसाल, तर आज माझ्याबरोबर चला. खिडकीजवळची जागा तुमची!

वाईच्या स्टँडवरून गाडी सुटते तेव्हा बहुधा नुसती भुरभुर असते. मग पसरणीचा घाट लागतो. एकेका वळणाबरोबर वाईची घरे खाली लहान-लहान होत जातात. पाचगणी येईपर्यंत काचा धुरकटतात आणि कंडक्टरकाका ओरडतात, "खिडक्या लावा रे पोरांनो!" महाबळेश्वरला उतरावे, तर ढग थेट रस्त्यावर आलेला आणि पाऊस धो धो कोसळतोय. वाईत छत्रीवाचून चालत होते, इथे छत्री असूनही उपयोग नाही!

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वाईला हजार मिलिमीटरसुद्धा पुरे होत नाहीत. आणि दोन्ही गावांत सरळ रेषेत अंतर किती? अवघे पंचवीस किलोमीटर! समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि डोंगरमाथ्यावरच रिता होतो. पलीकडे उतरताना त्याच्याजवळ द्यायला फारसे उरत नाही. म्हणूनच आणखी पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत या भागात शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो.

आता सांगा, "उद्या सातारा जिल्ह्यात पाऊस पडेल का?" या प्रश्नाला एकच उत्तर देता येईल का? नाही ना! हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या संगणकापुढे नेमकी हीच अडचण असते.

तुमची आलेखाची वही आठवा. संगणक पृथ्वीवर तसेच चौकोनांचे जाळे पसरतो. प्रत्येक चौकोनासाठी एक तापमान, एक वारा, एक बाष्प असे आकडे धरतो आणि पुढच्या काही मिनिटांनी ते किती होतील, याचे गणित करतो. मग पुन्हा पुढच्या काही मिनिटांचे. असे करत करत उद्या, परवा, आठवडाभर! पण चौकोनाच्या पोटात काय चालले आहे, हे त्याला वेगवेगळे दिसत नाही.

युरोपातल्या देशांनी मिळून इंग्लंडमधल्या रेडिंग गावी हवामान अंदाजाचे एक केंद्र उभारले. १९७९ साली त्यांचे नियमित अंदाज सुरू झाले, तेव्हा 'क्रे' नावाच्या त्यांच्या महासंगणकाचा एक चौकोन सुमारे २०० किलोमीटरचा होता. म्हणजे महाबळेश्वर, वाई, कऱ्हाड आणि सांगली ही सगळी गावे एकाच चौकोनात मावली असती! संगणक बदलत गेले तसा चौकोन आक्रसत गेला आणि २०१६ साली तो ९ किलोमीटरवर आला. आता त्या केंद्राचे महासंगणक इटलीतल्या बोलोन्या शहरात आहेत, तेही एका जुन्या तंबाखू कारखान्याच्या जागेत.

आपली गोष्टही काही कमी मजेदार नाही, बरं का! १९८०च्या दशकात भारताने अमेरिकेकडे महासंगणक मागितले. दिल्लीच्या हवामान केंद्रासाठी एक 'क्रे' मिळाला, पण बंगळूरच्या विज्ञान संस्थेला हवा होता तो अधिक ताकदीचा काही मिळाला नाही. मग "आपणच करू की!" असे ठरले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. एक मोठा मेंदू मिळत नाही ना, मग पुष्कळ लहान मेंदू जोडून एका कामाला लावायचे, ही त्यामागची युक्ती. पुढे १९९८मध्ये 'परम १००००' आला. २००३ साली 'परम पद्म' जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत जाऊन बसला.

पुण्यातच पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजे आयआयटीएम आहे. तिच्या महासंगणकांची नावे पाहा : २०१३चा 'आदित्य', २०१८चा 'प्रत्यूष' आणि २०२४चा 'अर्क'. आदित्य आणि अर्क म्हणजे सूर्य, प्रत्यूष म्हणजे पहाट. पावसाचे गणित करणाऱ्यांना नावे मात्र सूर्याची! प्रत्यूष अमेरिकन कंपनीने बनवला, अर्क फ्रेंच कंपनीने. पण आज अर्कवर चालणारी 'भारत फोरकास्ट सिस्टिम' ही अंदाजाची पद्धत आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी तयार केली आहे.

अर्कची ताकद किती? ११.७७ पेटाफ्लॉप. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी गणिते. पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांनी जेवण-झोप सोडून दर सेकंदाला एक गणित सोडवले, तर अर्कचे एका सेकंदाचे काम संपवायला त्यांना सतरा दिवस लागतील!

एवढी ताकद कशाला हवी? २०१८ साली आपल्याकडे १२ किलोमीटरच्या चौकोनांचे अंदाज सुरू झाले. १२ किलोमीटरच्या चौकोनांनी सगळी पृथ्वी झाकायला सुमारे ३५ लाख चौकोन लागतात. मे २०२५मध्ये आपण ६ किलोमीटरवर आलो. बाजू निम्मी झाली, पण चौकोन चौपट, म्हणजे सुमारे १ कोटी ४० लाख झाले! शिवाय जमिनीपासून वर आकाशापर्यंत चौकोनांचे थरावर थर असतात. चौकोन लहान झाला की वेळेचे टप्पेही लहान घ्यावे लागतात. म्हणजे काम साधारण आठपट. पण फायदा असा, की २०० किलोमीटरच्या चौकोनात एकत्र कोंबलेली वाई आणि महाबळेश्वर आता चार चौकोन दूर बसतात. एकीकडे ऊन, दुसरीकडे पाऊस, हे संगणकाला दिसू शकते.

पण नुसते गणित येऊन भागत नाही, उदाहरणातले आकडेही खरे हवेत. त्यासाठी आयआयटीएमने २०१२ साली महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा काढली. तिथे ढग पकडायला विमान लागत नाही, पावसाळ्यात तो आपण होऊन दारात येतो! ढगातले थेंब केवढे आहेत, हवेत धुळीचे कण किती आहेत, हे तिथली उपकरणे मोजत राहतात.

आता पाण्याबरोबर खाली उतरू या. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात उगम पावलेली कृष्णा धोमचे धरण भरते आणि वाईतून पुढे जाते. साताऱ्याजवळ संगम माहुलीला तिला वेण्णा मिळते. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना समोरून येऊन भेटते. कोयनेवर सुमारे १०५ टीएमसीचे धरण आहे. पुढे सांगलीजवळ हरिपूरला वारणा येते. डोंगरात पडलेला तो सगळा पाऊस सांगलीच्या दारात!

म्हणून पावसाळ्यात सांगलीत कुणी भेटले, की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट आलंय?" १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. घरे, दुकाने, गोठे, शाळेची दप्तरे, सगळे पाण्यात. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि कित्येक जणांचा जीव गेला. २०२१च्या जुलैत पुन्हा महापूर आला.

डोंगरात किती पाऊस पडणार, हे दोन-तीन दिवस आधी नेमके कळले, तर धरणातून पाणी केव्हा आणि किती सोडायचे, हे ठरवता येते. खालच्या गावांना हातात वेळ मिळतो. गाय-म्हैस उंचावर न्यायला वेळ, आजीला मामाकडे पोचवायला वेळ, पुस्तके माळ्यावर ठेवायला वेळ. अर्थात अर्कने पूर थांबत नाही आणि त्याचा अंदाज चुकूही शकतो. शिवाय बरोबर आलेला अंदाज गावच्या चावडीपर्यंत पोचला नाही, किंवा पोचूनही "बघू उद्या" म्हणून लोक बसून राहिले, तर पेटाफ्लॉप काय करणार?

आणि हो, तुम्हीही थोडे काम करू शकता. सरळ उभ्या बाजूंचा एक डबा घ्या आणि झाडे-भिंतींपासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला त्यात पट्टी उभी धरून पाणी किती मिलिमीटर आहे ते वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. शेजारी आदल्या दिवशीचा अंदाजही लिहा. वाईची वही आणि सांगलीची वही एकमेकांना दाखवा. गणित कुठे जुळले आणि कुठे चुकले, हे पावसाळा संपेपर्यंत तुमचे तुम्हालाच कळेल!