समुद्राकडे तोंड असलेले घर

रत्नागिरीत मांडवीच्या वाळूला काळा समुद्र म्हणतात आणि मिऱ्याच्या बाजूला आहे तो पांढरा समुद्र. सुट्टीत गावी आलो की पहिली संध्याकाळ आम्ही मांडवीवरच काढतो. या वेळी मात्र असरची नमाज पढून आलो ते सगळे एकाच मोबाईलवर वाकून बसलो. अब्बांना फ्लॅट घ्यायचा आहे.

अब्बांची उमेदीची वर्षे कुवेतमध्ये गेली. तिथे एका खोलीत सहा जण राहायचे, त्यामुळे खिडकीतून पाणी दिसणारे घर हे त्यांचे जुने स्वप्न. एजंटाने दाखवलेली जागा नेमकी तशीच: किनाऱ्यालगत आगीनंतर बंद पडलेले हॉटेल, आणि तिथे होऊ घातलेले अपार्टमेंट. सौदा झालेला नसल्याने ठिकाण सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले. खिडक्यांच्या वर काजळीचे पट्टे, अंगणात एक बदामाचे झाड, मागे लाटांचा आवाज. जागा सुंदर आहे, हे कबूल करायलाच हवे. अम्मीने आधी मशीद किती लांब ते विचारले, मग बाजार.

"सांगाडा मजबूत आहे," एजंट म्हणाला. "तोच ठेवून वर मजले चढवायचे, म्हणजे काम लवकर होईल."

मामूंनी बांधकामात आयुष्य काढले आहे. त्यांनी एका कॉलमवर किल्लीने ठोकले. गिलाव्याची खपली पडली आणि आतली तांबूस सळई दिसली. काँक्रीट साधारण 300 अंशांच्या वर तापले की कमजोर होऊ लागते. 600 अंशांच्या आसपास सळईची ताकद जवळपास निम्मी होते. थंड झाल्यावर सळई बरीच सावरते, पण काँक्रीटचे गेलेले बळ परत येत नाही. त्यात खारा वारा. सळई गंजली की फुगते आणि बाहेरचे काँक्रीट फोडते. रंग दिला की बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून कॉलममधून नमुने कापून प्रयोगशाळेत तपासायचे आणि मगच ठेवायचे की पाडायचे हे ठरवायचे. "अहवाल आहे का?" मामूंनी विचारले. एजंटाने विषय बदलून पार्किंग दाखवले.

आम्हाला खरी काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. पाडून नवे बांधायचे म्हटले तरी तिथे घरे बांधता येतील का? किनाऱ्याच्या सीआरझेड नियमांची 2019 ची अधिसूचना आम्ही त्या रात्री वाचली. (झोप कशी लागली असेल ते विचारू नका.) शहरातला, आधीच बांधकामे झालेला किनारा दुसऱ्या वर्गात येतो. तिथे जुन्या रस्त्याच्या किंवा जुन्या अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडील बाजूला नवी इमारत होऊ शकते. अधिकृत जुनी इमारत पुन्हा बांधायलाही मुभा आहे, पण जमिनीचा सध्याचा वापर न बदलता. म्हणजे जागा रस्त्याच्या समुद्राकडील बाजूला असेल, तर हॉटेलच्या जागी हॉटेल. हॉटेलच्या जागी घरे हा वेगळा प्रश्न. आणि मुळातले हॉटेल अधिकृत होते का, हा त्याच्याही आधीचा. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर तर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र असते. समुद्र दिसतो म्हणून आपण ज्या जागेला जास्त पैसे मोजतो, तिथेच परवानगी सगळ्यात कठीण.

मुंबईकरांना वांद्र्याचे सी रॉक हॉटेल आठवत असेल. मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटात त्याचे नुकसान झाले, पुढे ते बंद पडले, मग पाडले गेले. त्या जागेवर नव्या इमारतीचे भूमिपूजन व्हायला 2025 उजाडले, आणि तीही हॉटेलचीच. मोठ्या कंपनीला एवढी वाट पाहणे परवडते. निवृत्त माणसाने काय करावे?

परतताना मिऱ्याच्या बंधाऱ्यावर थांबलो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात 'बसरा स्टार' नावाचे जहाज इथे येऊन आदळले आणि पुढे वर्षानुवर्षे तिथेच रुतून राहिले. एवढ्या लोखंडी धुडाला लाटांनी बंधाऱ्यावर आणून टाकले; तिथल्या म्हाताऱ्यांना त्याचे नवल वाटत नाही, त्यांनी पावसाळ्यात समुद्र घराशी आलेला पाहिला आहे.

शेवटच्या दिवशी थिबा पॉइंटवर गेलो. खाली भाट्ये खाडी, राजिवडा, काजळी नदीचे मुख आणि पलीकडे मोकळे पाणी. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी इथे कैदेत ठेवले, 1910 मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधला तोही असा उंचावर. 1916 मध्ये तो इथेच वारला. अब्बा बराच वेळ कठड्याशी उभे होते. "इथून पण दिसतो की समुद्र," एवढेच म्हणाले.

एजंटाला टोकन त्याच आठवड्यात हवे होते. आणखी दोघे तयार आहेत म्हणे. अब्बांनी तीन गोष्टी मागितल्या: भरतीरेषा दाखवणारा मंजूर नकाशा, जुन्या हॉटेलची बांधकाम परवानगी आणि महारेराचा नोंदणी क्रमांक. नोंदणी करारनाम्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही मामूंनी त्याला ऐकवले.

आता आम्ही मुंबईत आहोत. एजंटाचा फोन येतो, ख्यालीखुशाली विचारतो, दर वाढणार असल्याचे सांगतो. कागद अजून आलेले नाहीत. अब्बांनी मामूंना थिबा पॉइंटच्या बाजूला कुठे जुने घर विकायला आहे का, ते पाहायला सांगितले आहे.