अजून एक पावसाळा

सत्तरच्या दशकात पुण्याच्या पेठांमध्ये वाढलेल्या आम्हा सगळ्यांना सायकलचा टायर ठाऊक आहे तो घराच्या जमाखर्चातली एक बाब म्हणून. किराणा, शाळेची फी, विजेचं बिल आणि टायर. वडील सदाशिव पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलने जात, काका कॅम्पात, ताई कॉलेजला. दळण, रॉकेल, आजीची औषधं ही कामं उरल्या वेळात त्याच सायकलींवर. एक चाक बसलं की घरातल्या चार जणांचा खोळंबा. त्यामुळे टायर दुरुस्त करायचा की बदलायचा, हे कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यावर कुणी सोडत नसे. ते घरात ठरायचं, बहुधा रविवारी सकाळी, वाड्याच्या चौकात सायकल उलटी करून.

ट्यूबचा प्रश्न सोपा असे. हवा गेली की आधी व्हॉल्व्हवर थुंकी लावून बघायची. बुडबुडा आला तर दोष आतल्या वॉलट्यूबचा. ती बोटभर रबरी नळी बदलली की काम झालं. नाहीतर ट्यूब बाहेर काढून, थोडी हवा भरून, घमेल्यातल्या पाण्यातून हळूहळू सरकवत न्यायची. भोक सापडलं की खूण करायची, कानशीने घासायचं आणि सोल्युशनचा पातळ हात द्यायचा. मग थांबायचं. सोल्युशन ओलं असताना लावलेलं ठिगळ सुटतं, हे आम्हा भावंडांना पाढ्यांसारखं पाठ होतं. ठिगळ जुन्या ट्यूबचंच, पण गोल कापलेलं, कारण चौकोनी ठिगळाचे कोपरे आधी उचलतात. वरून आईच्या डब्यातली पावडर, म्हणजे ट्यूब आतून टायरला चिकटत नाही. पंक्चर अगदी व्हॉल्व्हच्या बुडाशी असलं तर मात्र वडील एक शब्द न बोलता नवी ट्यूब आणत. तिथे ठिगळ धरत नाही.

ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवायची. हे काम वडील आम्हाला देत नसत. बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहिलेला असतो, बाहेरून दिसत नाही, आणि ठिगळ लावलेली ट्यूब पहिल्याच फेरीत पुन्हा फोडतो. त्यांच्या बोटाला तो लागायचा, बारीक रक्त यायचं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं.

टायरचा निर्णय अवघड. गुळगुळीत झालेला टायर आमच्या घरात कुणी कधी टाकला नाही. नक्षी गेली तरी रबर शिल्लक आहे, असं म्हणून तो चालायचा. बाजूच्या भिंतींना भेगा पडल्या की वडील आम्हालाच विचारत, हवा कुणी तपासली नव्हती? कमी हवेवर चालवलेला टायर प्रत्येक फेरीला बाजूने दुमडतो आणि तिथेच फाटतो. उन्हात उभी केलेली सायकल आणि टायरवर सांडलेलं तेल हे दोन वेगळे गुन्हे होते. त्यापुढची पायरी म्हणजे रबर झिजून आतलं सूत दिसणं. आणि काच किंवा पत्रा लागून चीर पडली असेल तर गेटर.

गेटर म्हणजे जुन्या टायरचा वीतभर तुकडा. दोन्ही कडांच्या तारा काढून, कडा तासून पातळ करायच्या आणि चिरेच्या जागी तो ट्यूब आणि टायरच्या मध्ये बसवायचा. टायरच त्याला धरून ठेवतो. पण तेवढ्या जागी टायर जरा उंच राहतो. अठ्ठावीस इंची चाक एका फेरीत साधारण सव्वादोन मीटर जातं, म्हणजे दर सव्वादोन मीटरला कॅरिअरवर बसलेल्याला एक ठोका. वाकडेवाडीच्या रस्त्याने वडिलांच्या पाठीला धरून जाताना मला तो ठोका इतका सवयीचा झाला होता, की कुणा मित्राच्या नव्या सायकलवर बसल्यावर काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. गेटरवर टायर महिनोन् महिने चालला. पण चीर लांब झाली, टायरला फुगा आला किंवा कडेची तार तुटली, की तिथे काटकसर संपत असे. तार तुटलेला टायर रिमवरून कधी निसटेल सांगता येत नाही. त्याच संध्याकाळी, महिनाअखेर असली तरी, उसने पैसे घेऊन टायर यायचा.

नवा टायर कुठे घालायचा, यावर वडील आणि काकांचा वाद कधी मिटला नाही. मागच्या चाकावर बसणाऱ्याचं वजन जास्त, ओझं तिथे, ओढही त्याचीच. मागचा टायर लवकर झिजतो, म्हणून नवा मागे, हे काकांचं म्हणणं. वडील पुढचा टायर मागे टाकत आणि नवा पुढे घालत. मागचा फुटला तर सायकल डुलते आणि थांबते, पुढचा फुटला तर माणूस तोंडावर पडतो. मला वडिलांचंच बरोबर वाटतं. माझ्या सायकलीला आजही हाच नियम आहे.

ताईच्या सायकलीला मात्र वेगळा न्याय होता. ती संध्याकाळच्या क्लासहून अंधारात परतायची. तिच्या टायरवर बारीक भेग दिसली तरी नवा टायर यायचा, गेटरचं नाव कुणी काढत नसे. दोन्ही सायकलींची चाकं अठ्ठावीस इंचीच, त्यामुळे तिचा उतरवलेला टायर वडिलांच्या सायकलीवर जायचा. टायरच्या भिंतीवरची डनलॉप ही अक्षरं आम्ही लहानपणापासून वाचत आलो होतो. ते टायर बंगालमध्ये, हुगळीकाठच्या साहागंजला बनायचे. बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने 1887 साली हवा भरलेला टायर तयार केला तो आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी, हे मी खूप उशिरा वाचलं, आणि वाचताना ताईची सायकल उलटी करून बसलेले वडीलच डोळ्यांपुढे आले. तिचं शिक्षण होईपर्यंत त्यांच्या स्वतःच्या सायकलीला नवा टायर लागल्याचं आम्हा भावंडांपैकी कुणालाही आठवत नाही. स्वतःच्या टायरबद्दल त्यांचं एकच उत्तर असे, "अजून एक पावसाळा काढेल." आणि तो काढायचाही.

ते निवृत्त झाले त्या वर्षी भावाने त्यांना न विचारता दोन्ही टायर नवे आणून बसवले. वडिलांनी चाक फिरवून बघितलं, हवा दाबून बघितली, चांगलं झालं म्हणाले. मग उतरवलेला मागचा टायर मांडीवर घेऊन कात्रीने त्यातला धड राहिलेला भाग कापला, तारा काढल्या, आणि गेटरला होईल म्हणून माळ्यावर ठेवायला माझ्याकडे दिला.