कोरडा नौला

'तुम्ही हिमालय पाहिला आहे का?' असा प्रश्न आठवीच्या वर्गात आम्हांला दरवर्षी एकदा तरी विचारला जातो. 'पाहिला आहे' एवढेच सांगून आम्ही घाईने फळ्याकडे वळतो. कारण खरे उत्तर द्यावयाचे तर सारा तास खर्ची पडावा. यंदा वार्षिकासाठी लेख मागण्यात आला, तेव्हा ते उत्तर येथेच देऊन टाकावे असे ठरविले.

ही हकीकत २०१२ सालच्या उन्हाळ्यातील. बी. ए. ची परीक्षा आटोपली होती, निकाल लागावयाचा होता. उत्तराखंडात, अल्मोड्याच्या बाजूला, पाण्याच्या झऱ्यांची पाहणी करणाऱ्या एका संस्थेला दोन महिन्यांपुरते उमेदवार हवे होते. हल्ली ज्यांना इंटर्न म्हणतात तेच. उमेदवार शास्त्र शाखेचाच हवा असे जाहिरातीत कोठे म्हटले नव्हते, एवढ्या आधारावर आम्ही अर्ज ठोकून दिला. आईने कोकणीत विचारले, "उदक मेजपाक इतलें पयस कित्याक?" प्रश्न रास्त होता. पाणी मोजावयाला इतक्या दूर कशाला जावे? आमच्या गोव्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो आणि आमच्या परसातील विहिरीला मे महिन्यातही कंबरभर पाणी असते. पाणी ही मोजण्याची वस्तू आहे, हेच मुळी आम्हांला ठाऊक नव्हते.

मडगावहून दिल्ली आणि दिल्लीहून रात्रीच्या गाडीने काठगोदाम. तेथे लोहमार्ग संपतो व डोंगर उभा राहतो. पुढे जीपगाडी. भवालीच्या वळणांवर आमची जी अवस्था झाली तिचे वर्णन वार्षिकात शोभणार नाही. खैरण्याला कोसी नदी भेटली (बिहारात पूर आणणारी ती ही नव्हे) आणि दुपारी अल्मोडा आले. हिमालय मात्र कोठेच दिसेना. मे महिन्यात चीड वृक्षांच्या वाळलेल्या पानांना, ज्यांना तिकडे पिरूल म्हणतात, वणवे लागतात आणि सारे क्षितिज धुराने भरून जाते. नंदादेवी ७८१६ मीटर उंच असून जेथून दिसावयास हवी तेथे आम्ही तीन आठवडे उभे होतो. आम्हांला दिसली ती राखाडी भिंत.

परंतु परके मात्र फार काळ वाटले नाही. पहिल्याच दिवशी एका बाईने "पाणि" असा शब्द उच्चारला, तो थेट आपल्या 'ण'ने! कुमाऊनी भाषेत 'ण' शाबूत आहे. जेवणात भात होता, भट नावाच्या काळ्या सोयाबीनची आमटी होती आणि मडुव्याची भाकरी होती. मडुवा म्हणजे आपली नाचणी. शिवाय तेथील पंत घराणी आपला मूळपुरुष कोकणातून आल्याचे सांगतात. भारताचे गृहमंत्री झालेले गोविंद वल्लभ पंत हे अल्मोड्याजवळच्या खूंट गावचे. आम्ही जेथे उतरलो होतो त्या घरच्या वृद्ध गृहस्थांनी ही परंपरा मोठ्या अभिमानाने सांगितली आणि मग हळूच विचारले, "समुद्र रात्रीही आवाज करतो का हो?"

आता कामाविषयी. वाहत्या झऱ्याला तिकडे धारा म्हणतात. ठराविक मापाचे भांडे त्याखाली धरावयाचे आणि ते किती सेकंदांत भरते ते पाहावयाचे. यात आमची कलाशाखा आड आली नाही. नौला ही चीज निराळी. जमिनीतून पाझरणारे पाणी साठविण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांनी खाली निमुळता होत जाणारा चौकोनी दगडी हौद, तिन्ही बाजूंना भिंती, वर दगडी छत. कित्येक नौले शतकांपूर्वीचे आहेत. काहींच्या आत विष्णूची मूर्ती असते, आणि नवी नवरी सासरी आली म्हणजे नौल्याची पूजा करते. पहिल्या नौल्यात आम्ही बूट घालून शिरलो व बोलणी खाल्ली, हे ओघाने आलेच.

आमचा दिनक्रम असा: सकाळी चहा घेऊन निघावे, डोंगर चढावे, अकरा-बाराच्या सुमारास नौल्यात पट्टी उभी करावी. पाणी असल्यास खोली लिहावी, नसल्यास 'कोरडा' लिहावे. तीन आठवड्यांत एकतीस ठिकाणे पाहिली. त्यांपैकी नऊ नौले कोरडे. पुढील वर्षी पाणी मुरविण्याचे चर कोणत्या झऱ्यांच्या वरच्या अंगाला खणावयाचे, हे या यादीवरून ठरणार होते. जे आटले ते वगळावयाचे, असा नियम होता.

नववा 'कोरडा' लिहिल्यानंतर चार दिवसांनी आम्ही आमच्या मुक्कामाच्या गावातील नौल्याकडे वळलो. तोही कोरडा निघाला. संध्याकाळी घरच्या आजीला, तिकडे आमा म्हणतात, आम्ही सहानुभूतीने म्हणालो, "आमा, तुमचा नौला आटला." आमा चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. ती म्हणाली, "मग तुझ्या पेल्यात रोज पाणी येते, ते कुठले?"

त्या रात्री अडीच वाजता तिने आम्हांला उठविले. वाटेत बायका मोठमोठ्याने बोलत होत्या, कारण बाघाचे भय. बिबट्यालाही तिकडे बाघच म्हणतात. नौल्यापाशी तांब्याच्या घागरींची रांग लागली होती. रात्रभर साठलेले पाणी तासाभरात संपले. नंतर एकेक लोटा. आम्ही घड्याळ लावले: दहा लिटरांची घागर भरावयाला अठरा मिनिटे. हिशेब करून पाहा, दिवसाला आठशे लिटर होतात. घरे चौदा. उजाडेपर्यंत नौल्याचा तळ लख्ख पुसलेला, आणि साडेअकराला आमच्यासारखा कोणी पट्टी घेऊन येणार.

आम्ही तेथेच दगडावर बसून राहिलो. नऊ गावांची घरे आम्ही त्या वहीत एका शब्दाने पुसली होती, तीही सुवाच्य अक्षरात.

निघावयास अकरा दिवस उरले होते. आम्ही प्रमुखांना सर्व सांगितले. ते रागावले नाहीत, 'जेवढे होतील तेवढे पुन्हा पाहा' एवढेच म्हणाले. मग रात्री गावातच मुक्काम करून पहाटे मोजणी. सात नौले जिवंत निघाले. एक खरोखरच मेला होता. त्याच्या तळाशी सिसूण वाढला होता, म्हणजे आपली खाजखुजली म्हणा, पण अधिक दुष्ट. पाचव्या पहाटे, आदल्या रात्रीच्या वादळी पावसाने धूर धुऊन गेला होता. कोणीतरी "हूं" म्हटले म्हणून मान वर केली, तो समोर त्रिशूल! तीन पांढरी टोके, त्यांवर नुकतेच कोवळे ऊन. रांगेतील बायकांची त्याच्याकडे पाठ होती. आम्हीही पाहिले ते मिनिटभर; कारण घागर गळ्याशी आली होती आणि काटा अठराव्या मिनिटाकडे निघाला होता. मुलांनो, हिमालय आम्ही पाहिला तो एवढाच.

नवव्या गावाला जाणे झाले नाही. पावसाने रस्ता ढासळला आणि आमचे परतीचे तिकीट पक्के होते. तिकीट बदलता आले असते, हे येथे लिहून ठेवले पाहिजे. आम्ही बदलले नाही. घरची ओढ लागली होती.

पुढे २०१८ साली नीती आयोगाचा हिमालयातील झऱ्यांवरील अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे निम्मे बारमाही झरे आटले किंवा हंगामी झाले, असे त्यात म्हटले आहे. संकट खरे आहे, त्याविषयी आम्हांला संशय नाही. तरी तो आकडा वाचताना आम्ही कपाटातून ती जुनी वही काढली. छापील तक्त्यात वेळेचा रकाना नव्हता, म्हणून निघण्यापूर्वी आम्ही तो समासात हाताने आखला होता, वहीतही आणि संस्थेला दिलेल्या प्रतीतही. आठ नोंदींपुढे पहाटेच्या वेळा आहेत. नवव्या नौल्यापुढे 'कोरडा' हा शब्द तसाच आहे, आणि त्याच्या शेजारी, निराळ्या शाईत, 'सकाळी ११.३०'.