करंगळीखालचं कॅपिटल

सापडलं! ब्रेल नोटटेकरवर इंग्रजी कॅपिटल अक्षर कसं उमटवायचं ते आज सापडलं, आणि रविवारी जोतिबाच्या डोंगरावर आलेल्या एकेकाला थांबवून सांगावंसं वाटतंय!

मी आधी मराठी ब्रेल शिकले. भारती ब्रेलमध्ये लहान अक्षर, मोठं अक्षर हा भेदच नाही. तिथं एकटं ६ नंबरचं टिंब म्हणजे विसर्ग, ‘स्वतः’च्या शेवटी येतो तो. इंग्रजीत तेच टिंब अक्षराच्या आधी आलं की अक्षर कॅपिटल, लागोपाठ दोनदा आलं की अख्खा शब्द कॅपिटल. कागदावर हे छान चालतं. पण पासवर्ड टाकायचा तर नोटटेकर कॉम्प्युटर ब्रेलवर ठेवलेला. त्यात एका खान्यात एक अक्षर, आधी खूण लावायची सोयच नाही. अमेरिकन तक्त्यात तर एकटं ६ म्हणजे स्वल्पविराम! आणि पासवर्डला कॅपिटल हवंच.

ते येतं ७ नंबरच्या टिंबातून! लुई ब्रेलनं १८२९ साली आपली पद्धत छापली; पुढे संगणकासाठी तिच्या सहा टिंबांखाली आणखी दोन आली. ७ डाव्या करंगळीखाली, ८ उजव्या. एकटं ७ दाबलं तर मागचं अक्षर खोडलं जातं, पण अक्षराच्या टिंबांबरोबर एकदम दाबलं की तेच अक्षर कॅपिटल. केदारनाथाचा, म्हणजे आपल्या जोतिबाचाच, ‘के’ घ्या: १, ३ आणि ७. तर्जनी, अनामिका, करंगळी, सगळा एकट्या डाव्या हाताचा खेळ! देवळाकडून ‘चांगभलं’चा गजर उठला की स्क्रीन रीडर ऐकू येत नाही. आला तरी कॅपिटलला बरेचदा नुसता सूर चढतो. बोटाखाली मात्र खान्याच्या तळाशी एक टिंब वर आलेलं असतं. शंकेला जागाच नाही.

मग डोंगरावरच्या आमच्या गावाचं कागदोपत्री नाव घेतलं, वाडी रत्नागिरी. आणि काय सांगू! ‘आर’ म्हणजे १, २, ३, ५. ‘डब्ल्यू’ म्हणजे २, ४, ५, ६. आरशात धरावं तशी एकमेकांची उलट! फ्रेंचला गरज नव्हती म्हणून ‘डब्ल्यू’ मूळ लिपीत नव्हतंच, ते मागाहून आलं. पाटीवर स्टायलसनं टोचताना तर आम्ही उलटंच लिहितो, म्हणजे टोचायचं ‘डब्ल्यू’सारखं आणि कागद पालटला की ‘आर’. आमच्या गावाची दोन आद्याक्षरं अशी जोडीची निघावीत, हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

आता ‘जोतिबा’ अख्खं कॅपिटलमध्ये लिहितेय. इथं दोनदा ६ ची युक्ती नाही, प्रत्येक अक्षराबरोबर करंगळी दाबायची. जे, ओ, टी, आय, बी, आणि शेवटचा ‘ए’ तर नुसती तर्जनी आणि करंगळी. पुढे पन्हाळा, यमाई, कोल्हापूर, सगळे रांगेत आहेत!